कुंडीत हर्ब्ज लावताय? आधी पाण्याचं गणित समजून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाल्कनीतल्या एका लांबट कुंडीत कोथिंबीर, बेसिल, पुदिना आणि रोझमेरी एकत्र लावली. रोज न चुकता पाणी घातलं. दोनेक महिन्यांत रोझमेरी वाळून गेली, कोथिंबिरीला फुलं आली, बेसिल उंच आणि किडकिडीत झालं आणि पुदिना मात्र सगळीकडे पसरला. चुकलं कुठे? आणि पुन्हा सुरुवात करायची तर माती कोणती, पाणी किती, कोणती रोपं?

खरं सांगायचं तर कोथिंबीर फुलावर येणारच होती आणि पुदिना पसरणारच होता, तो त्यांचा स्वभाव आहे. बेसिलला बहुधा ऊन कमी पडलं आणि त्याचा शेंडा कोणी खुडला नाही. एकटी रोझमेरी हकनाक गेली, आणि ती रोजच्या पाण्याने गेली. तुमची काळजी कमी पडलेली नाही, ती चारही झाडांना सारखीच वाटली गेली एवढंच. म्हणून माती आणि खताच्या आधी पाण्याबद्दल बोलू. कुंडीतल्या बागेत सगळ्यात जास्त रोपं पाण्यामुळे मरतात, आणि त्यातही कमी पाण्यापेक्षा जास्त पाण्याने.

हर्ब्ज म्हणून आपण ज्यांना एकत्र मोजतो त्यांत दोन अगदी वेगळ्या प्रकृतीची झाडं आहेत. रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो आणि सेज ही भूमध्य समुद्राच्या आसपासच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरची झाडं. तिथला उन्हाळा लांब आणि जवळजवळ बिनपावसाचा असतो. त्यामुळे त्यांची पानं बारीक, जाडसर आणि तेलकट असतात. रोझमेरीचं पान हातात घेऊन पाहा, त्याच्या कडा खालच्या बाजूला दुमडलेल्या दिसतील. पानातलं पाणी कमी उडावं म्हणून ही सोय आहे. सेजच्या पानावरची लव त्याच कामाची. याउलट पुदिना ओल्या, पाणथळ काठांवर वाढणारा. बेसिल उष्ण प्रदेशातलं, त्याची पानं मोठी, पातळ आणि मऊ. कोथिंबीर आणि पार्सलीची पानंही पातळ आणि मऊच. अशा पानांतून पाणी भराभर उडतं आणि मुळांना ते पुन्हा पुन्हा लागतं.

नवीन रोप आणलं आणि त्याच्याबद्दल काहीच माहीत नसलं, तर आधी पान चिमटीत धरून बघा. मऊ, रुंद, पातळ असेल तर झाड तहानलेलं राहणार. बारीक, कडक, लवदार किंवा मांसल असेल तर त्याला कोरडं राहण्याची सवय आहे. पत्ता ओव्याची जाड, रसदार पानं याच दुसऱ्या गटातली. हा नियम शंभर टक्के चालत नाही, पण सुरुवातीला पुरेसा आहे. या दोन गटांतली रोपं एका कुंडीत कधीही लावू नका. एकाला हवं तेवढं पाणी दिलं की दुसऱ्याचा जीव जातो, आणि मधला मार्ग काढायला गेलात तर दोघंही रडत जगतात.

आता कुंडीच्या आत काय होतं ते. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओलही आहे आणि कणांमध्ये हवाही खेळते आहे, ती अवस्था आपल्याला कुंडीत हवी असते. जमिनीत जास्तीचं पाणी खोल झिरपून जातं. कुंडीत तसं होत नाही. पाणी घातल्यावर भोकातून थेंब पडायचे थांबले, तरी तळाशी काही सेंटिमीटरचा थर पूर्ण भिजलेला राहतो. मातीचे बारीक कण तेवढं पाणी धरून ठेवतात आणि गुरुत्वाकर्षण ते खेचून काढू शकत नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात भिजवा आणि आडवा धरा. पाणी गळायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा. लगेच आणखी पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, त्यातली छिद्रं तीच, फक्त उंची वाढली. कुंडीचंही असंच. या चिंब थराची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा तो थर ४ सेंटिमीटरचा आहे. १० सेंटिमीटर खोल कुंडीत जवळजवळ निम्मी माती कायम चिंब राहील, २५ सेंटिमीटर खोल कुंडीत मात्र मुळांना २१ सेंटिमीटर मोकळी जागा मिळेल. म्हणून उथळ, देखण्या ट्रेमध्ये रोझमेरी टिकत नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, आणि ती अनेकांना पटत नाही. निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालण्याने निचरा सुधारत नाही. बारीक छिद्रांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये तोवर उतरत नाही, जोवर वरची माती पूर्ण भिजत नाही. त्यामुळे चिंब थर तळाशी असायचा तो खडीच्या वर येऊन बसतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवा, तेवढं पुरे. बाकी सगळी कुंडी मातीच्या मिश्रणानेच भरा. आणि भोक नसलेली कुंडी कितीही सुंदर असली तरी तिच्यात थेट रोप लावू नका. भोकाची साधी कुंडी आत बसवून ती बाहेरचं आवरण म्हणून वापरा.

बागेतली किंवा शेतातली माती जशीच्या तशी कुंडीत भरली की काही आठवड्यांत ती दबून घट्ट होते. जमिनीत गांडुळं आणि मुळं तिला सतत मोकळी करत असतात, कुंडीत ते घडत नाही. पहिल्या गटासाठी, म्हणजे पुदिना, बेसिल, कोथिंबीर, पार्सली यांच्यासाठी मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं कंपोस्ट आणि एक भाग परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके दाणे) घेते. परलाइट नसेल तर जाडसर वाळू. रोझमेरीच्या गटासाठी प्रमाण उलटं: निम्मं मिश्रण परलाइट, जाड वाळू किंवा बारीक खडीचं आणि उरलेल्या निम्म्यात कोकोपीट आणि कंपोस्ट सारखंसारखं. (खडी मातीत मिसळली तर उपयोगी, तळाशी थर दिला तर निरुपयोगी.) वाळू खरोखर जाड हवी. बारीक वाळू कणांमधल्या पोकळ्या बुजवते आणि होता तो निचराही जातो. कोकोपीट आधी भरपूर पाण्यात भिजवून, एकदोनदा पिळून धुऊन घ्या, कारण नीट न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात. कंपोस्टला आंबट किंवा अमोनियाचा वास येत असेल तर ते अजून कुजायचं आहे, थांबा.

पाणी किती, याचं उत्तर कपात किंवा दिवसांत देता येत नाही. ते ऊन, वारा, कुंडीचा आकार आणि झाडाची वाढ यांवर रोज बदलतं. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. पहिल्या गटात वरचा दोनेक सेंटिमीटर थर कोरडा लागला की पाणी द्या. दुसऱ्या गटात बोट जाईल तितकी माती कोरडी लागली पाहिजे. त्याहून चांगली सवय म्हणजे कुंडी उचलून पाहणं. पाणी दिल्यावर लगेच एकदा उचला, कोरडी असताना एकदा उचला. आठवडाभरात हाताला वजन कळायला लागतं आणि बोटाचीही गरज उरत नाही.

देताना मात्र पोटभर द्या, सगळ्या बाजूंनी, तळातून पाणी बाहेर येईपर्यंत. रोज पेलाभर शिंपडल्याने फक्त वरचा थर ओला होतो, मुळं वरच राहतात आणि खतातले क्षार आत साठत जातात. अर्ध्या तासाने खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. कधीकधी घातलेलं पाणी क्षणात खालून निघून जातं आणि माती आत कोरडीच राहते. पूर्ण सुकलेलं मिश्रण आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटलेलं असतं आणि पाणी त्या फटीतून पळतं. अशा वेळी कुंडी अर्धा तास बादलीभर पाण्यात बसवा, माती खालून पाणी ओढून घेईल.

कोमेजलेलं झाड दिसलं की आपला हात आपोआप पाण्याकडे जातो. तो आवरा. आधी माती बघा. माती ओली असूनही पानं लोंबत असतील तर मुळं हवेअभावी कुजायला लागली आहेत, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून झाड तहानेने वाळल्यासारखं दिसतं. त्यावर आणखी पाणी म्हणजे शेवट. तुमच्या रोझमेरीचं नेमकं हेच झालं असावं. आणखी एक: कडक उन्हात दुपारी बेसिलची पानं माना टाकतात आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. सकाळी माती ओली होती ना? मग दुपारी पाण्याची घाई करू नका.

कुंडी कशाची हा त्यामानाने छोटा प्रश्न आहे. भाजलेल्या मातीची कुंडी भिंतीतूनही पाणी उडवते, म्हणून रोझमेरी, थाइम, ओरेगॅनोला ती उत्तम. पुदिना आणि बेसिलला प्लास्टिक चालतं, उलट सोयीचं पडतं. काळं प्लास्टिक आणि पत्र्याचे डबे थेट उन्हात फार तापतात आणि कडेची मुळं भाजतात. आकारात कंजुषी नको: बेसिलच्या एका रोपाला किमान १५ ते २० सेंटिमीटर व्यासाची कुंडी, पुदिन्याला रुंद, रोझमेरीला २५ ते ३० सेंटिमीटर आणि खोल. कुंडी लहान असली की पाण्याची चूक दुरुस्त करायला वेळच मिळत नाही.

ऊन. सुट्टीच्या दिवशी दर तासाला बाल्कनीत जाऊन बघा आणि थेट ऊन नेमकं किती तास येतं ते लिहून ठेवा. अंदाजाने सांगितलेलं ऊन जवळजवळ नेहमीच खऱ्यापेक्षा जास्त असतं. सहा तास किंवा त्याहून जास्त असेल तर काहीही लावा. तीन-चार तासच असेल तर पुदिना, पार्सली, चाइव्ज (कांद्याच्या कुळातली बारीक पात) आणि कोथिंबीर जमेल, पण बेसिल लांबुडकं होईल आणि रोझमेरी कुढत राहील. खोलीत खिडकीपासून आत ठेवलेल्या रोपाला आपल्या डोळ्यांना वाटतो त्याच्या तुलनेत फारच कमी उजेड मिळतो. डोळे जुळवून घेतात, झाडाला ते जमत नाही.

आता कोथिंबीर. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नवशिके सगळ्यात जास्त तिच्यामुळे खट्टू होतात. आपण ज्याला धणा म्हणतो ते खरं तर फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. लाटण्याने किंवा तळहाताने हलकेच दाबून त्याचे दोन भाग करा, चुरा होऊ देऊ नका. रात्रभर भिजवलं तर उगवण थोडी लवकर होते. जिथे वाढवायची तिथेच, एक सेंटिमीटर खोल पेरा. तिचं मूळ सरळ खाली जाणारं सोटमूळ असतं, ते दुखावलं तर झाड फुलावर येण्याची घाई करतं. म्हणून रोपं उपटून दुसरीकडे लावायची नाहीत आणि कुंडी १५ ते २० सेंटिमीटर खोल हवी. एक ते दोन आठवड्यांत अंकुर दिसतात, फार उष्णतेत उगवण रेंगाळते.

आणि मग मोठे दिवस, उष्णता किंवा एखाद-दोनदा पडलेली कोरड यामुळे ती तुरा काढतेच. खालची रुंद पानं थांबतात, वर बडीशेपेसारखी बारीक पानं येतात. तो तुरा खुडून फारसा उपयोग होत नाही, झाडाने निर्णय घेतलेला असतो. कोथिंबीर वर्षभर राखायचं झाड नाही, पुन्हा पुन्हा पेरायचं पीक आहे. एका मोठ्या कुंडीऐवजी तीन लहान कुंड्या घ्या आणि दर दोन-तीन आठवड्यांनी एकीत पेरा. पहिली संपत येते तोवर तिसरी हाताशी येते. फुलावर आलेली कुंडी लगेच रिकामी करू नका. त्या छत्रीसारख्या फुलांवर ज्या छोट्या सिरफिड माश्या येतात त्यांच्या अनेक जातींच्या अळ्या मावा खातात, आणि हिरवे धणे तर पानांहून निराळ्या, ताज्या स्वादाचे असतात. शेपूलाही हीच पद्धत लागू. पार्सली याच कुळातली, पण द्विवर्षायू: पहिल्या वर्षी पानं, दुसऱ्या वर्षी फुलं. तिची उगवण मात्र संयम पाहते, तीन-चार आठवडे काहीच दिसत नाही आणि लोक कुंडी मोडून टाकतात. मोडू नका.

बेसिल किडकिडीत होतं ते कापायची भीती वाटते म्हणून. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खालच्या पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे मोकळे होतात. रोप १५ सेंटिमीटरचं झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या, की खालून दुसऱ्या जोडीच्या जरा वर कापा. एका दांड्याचे दोन होतील. ते वाढले की पुन्हा तसंच, दोनाचे चार. बरेच जण याच्या बरोबर उलट करतात: खालची मोठी पानं तोडतात आणि शेंडा जपतात. खालची पानंच झाडाला पोसत असतात, ती गेली की उरतो बोडका दांडा आणि वर चार पानं. फुलाची कळी दिसताच तीही खुडा, फुलावर आल्यावर नवी पानं कमी होतात आणि चवही बदलते. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त झाड कापू नका, एवढी मर्यादा सगळ्याच हर्ब्जना पाळा. बेसिलला थंडी सोसत नाही, तापमान १० अंशांखाली गेलं की पानं काळी पडतात.

विकत आणलेल्या छोट्या कुंडीत बेसिलचा दाट झुपका असतो. ते एक झाड नसतं, दहा-पंधरा किंवा त्याहून जास्त रोपं दाटीवाटीने उगवलेली असतात आणि एकमेकांची उपासमार करत असतात. आणल्या आणल्या चार भागांत वेगळं करून वेगवेगळ्या कुंड्यांत लावा, दोन दिवस सावलीत ठेवा, मग हळूहळू उन्हात न्या.

पुदिना बियांपासून करू नका. पुदिन्याच्या जाती आपापसात सहज संकरित होतात आणि रोप मूळ झाडासारखं येईलच असं नाही. पेपरमिंट तर स्पिअरमिंट आणि वॉटरमिंट यांचा संकर, त्याला सहसा रुजणारं बी धरतच नाही. बोटभर लांबीची फांदी घ्या, खालची पानं काढून पाण्यात ठेवा, एक-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. त्याला कायम स्वतंत्र कुंडी द्या. आडव्या खोडांनी तो कडेकडेने गोल फिरतो आणि वर्षभरात मधला भाग विरळ होतो. तेव्हा सगळा गड्डा बाहेर काढून कडेचे ताजे तुकडे नव्या मिश्रणात लावा. पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा. झाड मातीलगत कापा आणि कापलेलं कंपोस्टमध्ये न टाकता कचऱ्यात टाका.

रोझमेरी पुन्हा घ्याल तेव्हा तयार रोपच घ्या, बियांपासून ती फार सावकाश येते. छाटताना हिरव्या, पानं असलेल्या भागातच कापा. जुन्या, पानं नसलेल्या लाकडातून ती सहसा पुन्हा फुटत नाही.

खताबद्दल थोडक्यात: मऊ पानांच्या झाडांना दर तीन-चार आठवड्यांनी मूठभर गांडूळखत पुरतं. रोझमेरीच्या गटाला वर्षातून एकदोनदा, बस. नत्र जास्त झालं की पानं भरपूर येतात पण सुगंध फिका पडतो.

कीड येईल. मावा आणि लाल कोळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बऱ्यापैकी निघतात, तो पानांच्या खालून मारायचा. उरलेल्यांवर निंबोळी तेल किंवा सौम्य साबणाचं पाणी, तेही संध्याकाळी, आणि खाण्याआधी पानं नीट धुवा. मातीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर पाणी जास्त होतंय, वरचा थर सुकू द्या. आंतरप्रवाही कीटकनाशकं मात्र खायच्या झाडांच्या आसपासही नकोत. ती रसात मिसळून पानात भिनतात, धुऊन जात नाहीत. शोभेची म्हणून विकली जाणारी रोपं घेताना फवारणीबद्दल विचारा, उत्तर नीट मिळालं नाही तर ती खायला वापरू नका.

सुरुवातीला चार-पाच नव्हे, तीनच रोपं घ्या: पुदिना, बेसिल आणि ओरेगॅनो, तिन्ही वेगळ्या कुंड्यांत. पुदिना तहान लागली की लगेच मान टाकतो आणि पाणी मिळताच उभा राहतो, त्यामुळे पाणी शिकायला त्याच्यासारखं झाड नाही. ओरेगॅनो रोझमेरीच्याच प्रकृतीचं, पण चूक जास्त सोसणारं. ही तीन एक ऋतू नीट राहिली की कोथिंबिरीच्या तीन कुंड्या सुरू करा आणि रोझमेरी त्यानंतर.

आणि तुमची सध्याची कुंडी. रोझमेरीच्या खोडावर नखाने थोडी साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर तिला अलगद काढून, काळी मऊ मुळं कापून, कोरड्या मिश्रणात स्वतंत्र लावा आणि काही दिवस हलक्या सावलीत ठेवा. तपकिरी आणि ठिसूळ असेल तर ती गेली. बेसिलच्या दांड्यांचे वरचे दहा-दहा सेंटिमीटर कापून पाण्यात ठेवा, एक-दोन आठवड्यांत नवी रोपं मिळतील. कोथिंबीर धणे धरेपर्यंत तिथेच राहू द्या. पुदिन्याची दोन-तीन चांगली खोडं वेगळ्या कुंडीत लावा आणि उरलेली मुळं माती चाळून वेचून काढा, कारण बोटाच्या पेराएवढा तुकडा जरी मागे राहिला तरी पुढच्या पेरणीत कोथिंबिरीच्या आधी तोच वर येईल.